रिकामी दिसणारी वाळू

१८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमला ‘आयएनएस अर्नाळा’ ही पाणबुडीविरोधी नौका नौदलात दाखल झाली. ७७ मीटर लांबीची, उथळ पाण्यात काम करणारी, अशा १६ नौकांमधली पहिली. तिला नाव देणारं बेट विरारच्या पश्चिमेला, वैतरणा जिथे समुद्राला मिळते त्या मुखाशी आहे. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून होडीने काही मिनिटांत तिथे पोचता येतं. बेटावर किल्ला आहे, तो १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला आणि पुन्हा बांधून काढला. उत्तरेच्या दरवाज्यावर हत्ती आणि वाघ कोरलेले आहेत. बाजीरावाच्या आज्ञेने ‘सिंधू उदरी’ जंजिरा बांधल्याचा शिलालेखही तिथेच आहे. आत त्र्यंबकेश्वराचं देऊळ आणि अष्टकोनी तळं आहे, तटाबाहेर कालिकामातेचं देऊळ. आणि या सगळ्याच्या भोवती मासेमारीवर जगणारं, नांदतं गाव आहे.

या बेटाचा विकास म्हटलं की चर्चा तीन गोष्टींवर येते: जेट्टी, धूपप्रतिबंधक बंधारा आणि पर्यटन. तिन्हींची गरज खरी आहे. पण ज्या जागेवर गावाचं पोट चालतं, ती वाळूची मोकळी पट्टी या तिन्हींमध्ये कुठेच मोजली जात नाही. त्या पट्टीवर बोट लागते, जाळी पसरतात, बोंबील वाळतो. बाहेरून येणाऱ्याला ती पडीक जमीन वाटते. आमचं म्हणणं असं, की बेटाच्या वारशातली सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात असुरक्षित वस्तू हीच आहे. तिची नोंद झाल्याशिवाय बेटावर एकही मोठं काम सुरू होऊ नये.

याचं कारण समजायला आधी मासेमारीची पद्धत पाहावी लागते. वसईपासून डहाणूपर्यंतच्या कोळी, मांगेली, वैती वस्त्यांचं जुनं हत्यार म्हणजे डोल. डोल म्हणजे शंकूच्या आकाराची लांबलचक जाळ्याची पिशवी. तोंडाशी आस, म्हणजे जाळ्याचं भोक, मोठी, मागे जाताना बारीक बारीक होत जाते, आणि शेवटच्या बंद टोकाला खोला म्हणतात. ही पिशवी माशामागे धावत नाही. समुद्राच्या तळात खुंट किंवा सूस ठोकलेला असतो, त्याला दोरांनी बांधून तिचं तोंड प्रवाहाकडे धरायचं. पाण्याची ओढ पिशवी फुगवते आणि जे वाहत येईल ते खोल्यात जमा होतं. भरती संपून ओहोटी लागण्याच्या आधी पाणी थोडा वेळ थांबतं, तेवढ्यात खोला उचलून मोकळा करायचा. वेळ चुकली तर उलट्या ओढीने जाळं स्वतःभोवती गुंडाळतं, दोर पिळतात, आणि पुढची भरती जाळं सोडवण्यात जाते.

म्हणून डोलीचं कॅलेंडर तारखेचं नसतं, तिथीचं असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला या किनाऱ्यावर पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, ओढ जोराची असते, डोल भरते. अष्टमीच्या भांगात, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी असलेल्या दिवसांत, पाणी मंद असतं, पिशवी नीट फुगतच नाही. याचा किनाऱ्यावर होणारा परिणाम बाहेरच्या माणसाच्या ध्यानात येत नाही. माल महिनाभर सारखा येत नाही, चार-सहा दिवसांच्या लोंढ्यात येतो. त्या दिवसांत बोंबील, मांदेली, करंदी, जवळा इतका येतो की ओला विकून संपत नाही. बर्फ, होडी, रिक्षा, टेम्पो अशी साखळी पार करून विरार-वसईच्या बाजारात पोचेपर्यंत बोंबील मऊ पडलेला असतो. या माशात सुमारे ८८ टक्के पाणी. खरवडला, दाबला गेला, पाटीत वरचा थर जड झाला, तरी त्याची लगदी होते. लोंढ्याचा माल वाचवायचा एकच खात्रीचा मार्ग आहे, तो म्हणजे वाळवणं. आणि वाळवायला जागा लागते.

किती जागा, याचा हिशोब करून पाहू. समजा एक वलांडी उभी केली. म्हणजे बांबूचे उभे खांब, आडवे बांबू, त्यांच्यामध्ये ताणलेले दोर. पाच मीटर लांबीचे दहा दोर धरू. बोंबलाचे दात मागे वळलेले आणि तीक्ष्ण असतात. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोडी करायची आणि ती दोरावर टाकायची. सुतळी नको, हूक नको. जोडी-जोडीत चार सेंटीमीटर अंतर ठेवलं तर एका दोरावर १२५ जोड्या, दहा दोरांवर २,५०० बोंबील. किलोत दहा-बारा बसतात असं धरलं तर सव्वादोनशे किलोच्या आसपास ओला माल. तो वाळून हाती किती येतो? १०० किलो ओल्या बोंबलात कोरडा अंश १२ किलोच. सुक्या मालात पंधरा टक्के पाणी राहिलं तर वजन भरतं १४ किलो. म्हणजे त्या पूर्ण वलांडीवरून तीस-बत्तीस किलो सुका बोंबील मिळतो, आणि तोही थंडीतला कोरडा उत्तर वारा मिळाला तर दोन-तीन दिवसांनी. एका उधाणात एका बोटीला असे अनेक मांडव लागतात. शिवाय वलांड्या एकमेकींना चिकटून चालत नाहीत, वाऱ्याला आरपार जायला वाट लागते. दाटीने बांधल्या तर मधल्या दोरांवरचा माल बाहेरून कडक आणि आतून ओला राहतो. पोटाकडे वास धरतो, माशी बसते, आणि व्यापारी पूर्ण गोणीचा भाव पाडतो.

जवळ्याची गोष्ट वेगळी. तो टांगता येत नाही, पसरावा लागतो. नुसत्या वाळूवर पसरला तर रेती मिसळते, दाताखाली कचकच येते, आणि खाण्याचा माल कोंबडीखाद्याच्या भावात जातो. म्हणून शेणाने सारवलेलं खळं, नाहीतर ताडपत्री किंवा बारीक जाळी. यावर योजनांमध्ये ठरलेलं उत्तर असतं, सिमेंटचा ओटा. ओटा बरा, पण उतार दिला नसेल तर पाणी साचतं. आणि दुपारी सिमेंट इतकं तापतं की खालचा थर वाळण्याऐवजी शिजतो, तुकडे पडतात, रंग जातो. जमिनीपासून कमरेइतक्या उंच बांबूच्या चौकटीवर ताणलेली जाळी यापेक्षा स्वस्त आणि चांगली. वारा खालूनही लागतो, कुत्रा-मांजर पोचत नाही, आणि पावसाचं सावट दिसलं तर जाळी गुंडाळून आत नेता येते. हे शास्त्र गावातल्या बायकांना तोंडपाठ आहे. बोंबलाची जोडी लावण्यापासून गोणी शिवण्यापर्यंतचं बहुतेक काम त्यांच्याच हातचं असतं. त्यामुळे वाळवणाची जागा गेली की पहिला फटका बोटीच्या मालकाला बसत नाही, तो बसतो वाळवणाऱ्या बाईला. ज्यांची स्वतःची बोट नाही आणि ज्या दुसऱ्याचा माल घेऊन वाळवतात, त्या तर हिशोबातूनच नाहीशा होतात.

आता ही जागा कशाने जाते ते पाहू.

पहिलं कारण समुद्र. अर्नाळा बेटाची धूप ही जुनी तक्रार आहे, उधाणाच्या लाटा घरांच्या भिंतींपर्यंत येतात. घर वाचवायला दगडांचा बंधारा हवा ही मागणी अगदी माणुसकीची आहे, तिला विरोध करणं शक्य नाही. पण बंधारा काय करतो हे मागणी करणाऱ्यांना कोणी नीट सांगत नाही. उतरत्या वाळूवर आलेली लाट चढत जाते, वाळूत जिरते, जोर गमावून परततं पाणी वाळू तिथेच सोडतं. उभ्या दगडी भिंतीवर आलेली लाट मात्र जोरानिशी परत फिरते आणि भिंतीच्या पायाशी खणते. काही पावसाळ्यांत भिंतीपुढची वाळू खाली बसते. आधी वलांडीची जागा जाते, मग बोट ओढायची उतरण, मग भिंतीचा पाया उघडा पडून दगड सरकतात आणि दुरुस्तीचं नवं अंदाजपत्रक तयार होतं. भिंतीचं जिथे टोक असतं तिथे पाणी वळसा घेतं आणि पुढच्या मोकळ्या किनाऱ्याचा लचका तोडतं. म्हणजे एका वाडीचं रक्षण दुसऱ्या वाडीच्या जिवावर होतं. घराला अगदी टेकलेलं पाणी असेल तिथे भिंत घालावीच लागेल. पण एकसलग भिंतीने बेटाला वेढण्याचा विचार म्हणजे मासेमारीच्या गावाला किनाऱ्यापासून तोडणं आहे.

आणि वाळू कमी का झाली, हा प्रश्न बेटावर सुटणारच नाही. मुखाशी असलेलं बेट नदीच्या गाळावर जगतं. वैतरणेच्या खोऱ्यात तानसा १८९२ मध्ये, मोडकसागर १९५७ मध्ये, मध्य वैतरणा २०१४ मध्ये अशी धरणं सुरू झाली. हे पाणी मुंबई पिते. धरणामागे पाण्याबरोबर गाळही थांबतो. त्याखाली जी रेती उरते तिचा उपसा खाडीत वर्षानुवर्षं चालत आला आहे. सक्शन पंपाने केलेल्या उपशामुळे वैतरणेवरच्या रेल्वे पुलांनाही धोका असल्याच्या तक्रारी वारंवार झाल्या आहेत. म्हणजे पाणी मुंबईला गेलं, रेती वसई-विरारच्या इमारतींत गेली, आणि नदीने बेटाला द्यायची वाळू वाटेतच संपली. यात बेटावरच्या माणसाचा काहीच दोष नाही. तरी किंमत तो चुकवतो, म्हणून भरपाईचा हिशोबही खोऱ्याच्या पातळीवरच व्हायला हवा. निदान एक गोष्ट आज करता येण्याजोगी आहे. बोटींचा मार्ग मोकळा ठेवायला मुखातला गाळ काढावा लागेल, तेव्हा निघणारी स्वच्छ वाळू लिलावात न विकता बेटाच्या झिजणाऱ्या बाजूला टाकावी. ती दर काही वर्षांनी पुन्हा टाकावी लागेल, हा तिचा दोष आहे. पण दगडी भिंतसुद्धा दर काही वर्षांनी दुरुस्त करावीच लागते. फरक एवढा, की वाळू टाकल्यावर बोंबील वाळवता येतो.

जेट्टीचंही तसंच. म्हातारं माणूस, गरोदर बाई, आजारी मूल यांनी पाण्यात उतरून होडी गाठायची हे २०२५ मध्ये लाजिरवाणं आहे, जेट्टी हवीच. पण भरीव भिंतीची जेट्टी किनाऱ्यालगत सरकणारी वाळू अडवते. एका बाजूला वाळूचा ढीग साचून बोटी लागेनाशा होतात, दुसऱ्या बाजूला किनारा खचतो. खांबांवरची उघडी जेट्टी पाणी आणि वाळू दोन्ही वाहू देते, खर्च जास्त येतो. चार-पाच मीटरच्या चढउतारात एकाच उंचीचा धक्का अर्धा दिवस निरुपयोगी असतो, म्हणून निरनिराळ्या पातळ्यांवर पायऱ्या हव्यात, नाहीतर तरंगता तराफा. तराफा जूनमध्ये काढून ठेवावा लागतो, त्याला माणूस नेमावा लागतो. ही देखभाल अंदाजपत्रकात धरलेली नसेल तर दुसऱ्या पावसाळ्यानंतर साखळ्या गंजलेल्या सापडतात. आणि जेट्टीचा पोचरस्ता, वाहनतळ, प्रतीक्षागृह यांना जागा लागते तेव्हा नकाशावर सगळ्यात ‘मोकळी’ दिसते ती हीच वाळवणाची पट्टी.

दुसरं कारण पर्यटन. शहराला लागून असलेल्या बेटाकडे सुट्टीच्या दिवशी लोक येणारच. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग हे समुद्रातले किल्ले आहेत, अर्नाळा नाही. पण जलदुर्गांकडे वळलेली नजर इथेही पोचेल. पर्यटनाला आमचा विरोध नाही, पर्यटनाला मासेमारीच्या जागी बसवायला विरोध आहे. घारापुरीकडे पाहा. लेण्यांना १९८७ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, आणि बेटावरच्या वाड्यांपर्यंत समुद्राखालून वीज पोचली फेब्रुवारी २०१८ मध्ये. मधली तीस वर्षं जगभरचे पाहुणे दिवसा येऊन गेले आणि रात्री गाव जनरेटरच्या काही तासांच्या उजेडात राहिलं. तिथली कमाई पर्यटकांच्या बोटींवर अवलंबून झाली. सोमवारी लेणी बंद म्हणून बाजार थंड, पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या बंद. वारशाचा दर्जा आपोआप गावापर्यंत झिरपत नाही, हे त्यातून शिकायचं.

छोट्या बेटावर पर्यटकाची खरी किंमत पाण्यात मोजावी लागते. अशा बेटाच्या पोटात पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, भिंगासारखं. विहिरीतली पातळी समुद्राच्या पातळीपेक्षा एक मीटर वर असेल तर खाली गोड्या पाण्याची जाडी अंदाजे ४० मीटर धरतात. याचा उलटा अर्थ असा, की पंप लावून पातळी एक मीटरने उतरवली तर खालचं खारं पाणी तितक्याच मोठ्या पटीने वर चढतं. एकदा खारावलेली विहीर गोडी व्हायला कित्येक पावसाळे लागतात. किल्ल्यातलं तळं आणि विहिरी बांधणाऱ्यांनी हे जाणलं होतं. पाणी रहाटाने, थोडं थोडं निघायचं. दिवसाला काही शे माणसांसाठी शौचालयं, उपाहारगृहं, खोल्या चालवायच्या तर ते पाणी पंपानेच निघेल. म्हणून पाहुण्यांची संख्या ठरवताना बोटींची क्षमता न बघता विहिरींची पातळी बघावी. मे महिन्यात विहिरीतल्या पाण्याची चव बदलली की पाहुणे थांबवावे, हा नियम गावाच्या हातात असावा.

तिसरं कारण कायदा, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण संधीही इथेच आहे. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण, ही तरतूद २०१० च्या दुरुस्तीने थेट कायद्यात आली. मोठ्या शहरातल्या स्मारकाला ती साजेशी आहे. पण जिथे बेटच किल्ल्याला धरून वसलेलं असतं तिथे ३०० मीटरमध्ये बहुतेक गाव येतं आणि घराचं छप्पर दुरुस्त करायलाही कागद लागतात. दुसरीकडे १८ जानेवारी २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने मुख्य भूमीजवळच्या बेटांसाठी भरतीरेषेपासून २० मीटरचा पट्टा ठरवला. त्या पट्ट्यात नवीन घर नाही, जुन्याची दुरुस्ती चालेल. आणि स्पष्ट शब्दांत म्हटलं आहे की मासेमारी जेट्टी, मासळी सुकवण्याच्या जागा, जाळी विणण्या-दुरुस्तीच्या जागा, पारंपरिक प्रक्रिया, होडीबांधणी, बर्फाचा कारखाना यांना तिथे वाव आहे. शिवाय अशा बेटांसाठी एकात्मिक बेट व्यवस्थापन आराखडा राज्याने करायचा आहे. म्हणजे वाळवणाची जागा कायद्याला ओळखीची आहे. पण ‘वाव आहे’ आणि ‘राखीव आहे’ यांत मोठं अंतर आहे. ज्या पट्ट्यात मासळी सुकवता येते त्याच पट्ट्यात बंधारा, पदपथ, पोचरस्ताही येऊ शकतो, आणि जो आधी नकाशावर येतो त्याची जागा पक्की होते. मच्छीमाराची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची असली तरी कागदावर ती जमीन सरकारी पड असेल, तर तिच्यावर हरकत घ्यायला त्याच्या हाती काय उरतं?

म्हणून आमची पहिली मागणी पैशांची नाहीच, मोजणीची आहे. कोणती वाडी कुठे वलांडी उभारते, कुठे बोट ओढते, कुठे दोर पिळते, कुठून किनाऱ्यावर उतरते, हे गट क्रमांकाच्या नकाशावर दाखवावं. त्या जागा सामुदायिक वापराच्या म्हणून अभिलेखात याव्यात आणि बेटाच्या आराखड्यात त्यांना ‘इतर कामास मनाई’ असा शेरा असावा. किल्ल्याचे बुरूज जितक्या काळजीने मोजले जातात तितकीच काळजी इथे हवी. हक्क मात्र बोटीच्या नोंदणीला जोडू नये. तो वाळवणाऱ्या बायकांच्या नावाने, गटागटाने असावा, नाहीतर दहा-वीस मोठ्या मालकांच्या ताब्यात किनारा जाईल आणि आज जो वापर तोंडी समजुतीवर सगळ्यांना मिळतो तोही संपेल.

दुसरी मागणी साठवणीची. उधाणात सगळ्यांचा माल एकदम येतो तसा सुका मालही एकदम तयार होतो आणि डिसेंबर-जानेवारीत भाव पडतो. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मनाईच असते, तेव्हा तोच बोंबील चढ्या भावाने विकला जातो. मधला फायदा ज्याच्याकडे थांबण्याची ताकद आहे त्याला मिळतो, आणि थांबण्याची ताकद हंगामाआधी उचल देणाऱ्या व्यापाऱ्याकडे असते. थांबण्यासाठी लागणाऱ्या गोष्टी महाग नाहीत: पक्क्या छपराची खोली, भिंतीपासून वीतभर दूर ठेवलेल्या लाकडी फळ्या, गोणीच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी. मेच्या शेवटी माल पुन्हा एकदा कडक उन्हात काढायचा आणि गरम असताना न बांधता गार झाल्यावर बांधायचा. गरम माल बांधला तर आत दव धरतं आणि आषाढात गोणी उघडली की बुरशी निघते. फळीशिवाय जमिनीवर ठेवली तर खालच्या गोण्यांना भुंगेरा लागतो. एवढं केलं तरी घरखर्चाला पैसा हवाच, आणि त्यासाठी नवी योजना शोधायची गरज नाही. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. सोयाबीन, तूर, हळद गोदामात ठेवायची, मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने उचलायची, भाव आला की विकायची. राज्याने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. त्या दर्जाचा अर्थ किनाऱ्यावरच्या बाईच्या हातात पोचवायचा असेल तर सुका बोंबील, जवळा आणि सुकी करंदी तारणाच्या यादीत यायला हवी. एका तारण गोदामाने बेटावर जितका पैसा राहील तितका एखाद्या सुशोभित चौपाटीने राहणार नाही, असं आम्ही ठामपणे म्हणतो. अवकाळीने भिजलेल्या वाळवणाचा पंचनामा ही जुनी मागणीही याच दर्जातून सुटू शकते. ओला माल किती, कोणत्या दिवशी चढवला, किती भिजला याची नोंद मच्छीमार संस्थेच्या वहीत रोजच्या रोज असेल तर तलाठ्यालाही अंदाज बांधावा लागणार नाही.

गावाच्या बाजूचं बोलताना गावाकडून होणाऱ्या चुकांवर पांघरूण घालणं बरं नाही. डोल निवडक नाही. खोल्याची आस बारीक ठेवली की जवळ्याबरोबर पापलेटचं, घोळीचं पिल्लूही येतं. सिल्व्हर पापलेट २०२३ मध्ये राज्य मासा जाहीर झाला आणि १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट पकडण्याला बंदी आली. बोटाएवढं पिल्लू किलोवर विकून जे मिळतं त्याच्या कित्येक पट तेच पिल्लू एका हंगामानंतर देतं, हे समजावून सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पिल्लांच्या महिन्यांत मोठ्या आसाचा खोला लावणं, आणि ते महिने गावाने स्वतः ठरवणं, हा उपाय आहे. कवींचा वाद तर त्याहून जुना. कव म्हणजे खुंट ठोकून डोल लावायची ठरलेली जागा. वसई, उत्तन, मढ इकडच्या कवी उत्तरेकडे सरकल्या असा पालघर-डहाणूकडच्या मच्छीमारांचा आक्षेप आहे. तिकडची पापलेटची तरती जाळी या खुंटांना अडकून फाटतात. दोन्ही बाजू पोटासाठीच भांडतात. पण वाढवणचं ७६,२२० कोटींचं बंदर त्याच पाण्यात उभं राहत असताना उरलेलं क्षेत्र आणखी दाटीचं होणार, आणि कवींची जागा जीपीएसच्या आकड्यांनी नोंदवून संख्या बांधून घेतल्याशिवाय हे भांडण मिटणार नाही. किनाऱ्यावरच्या जागेची नोंद मागणाऱ्याने समुद्रातल्या जागेच्या नोंदीला नाही म्हणू नये.

तरुण पोरं मासेमारीत राहत नाहीत, मग वाळूच्या पट्टीसाठी एवढा आटापिटा कशाला, असं विचारणारे भेटतात. खलाशी म्हणून आज जव्हार, मोखाडा, तलासरीकडचे आदिवासी तरुण अनेक बोटींवर असतात हे खरं आहे, आणि गावातला शिकलेला मुलगा विरारची लोकल पकडतो हेही. पण त्याची आई, मावशी, वहिनी वाळवणातच आहेत. त्यांच्या कमाईवर त्याचं शिक्षण झालं आणि नोकरी सुटली की तो त्याच किनाऱ्यावर परततो. २०२० च्या टाळेबंदीत ओल्या मासळीची साखळी तुटली, तेव्हा माल टिकवायचा एकमेव मार्ग वलांडी होता. आपत्तीत जी गोष्ट आधार देते ती सुबत्तेच्या वर्षात निरुपयोगी दिसते म्हणून मोडीत काढणं शहाणपणाचं नाही.

राहता राहिला प्रश्न मोजणी कधी करायची हा, आणि तो वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. सरकारी सर्वेक्षणं निधी आल्यावर निघतात, महिना कोणताही असतो. ऑगस्टमध्ये मोजणीदार बेटावर उतरला तर वलांड्यांचे बांबू सोडून छपराखाली रचलेले असतात. बोटी नारळीपौर्णिमेच्या तयारीत एका बाजूला घेतलेल्या असतात. वाळूवर गवत उगवलेलं दिसतं आणि वहीत ‘मोकळी जागा’ लिहिलं जातं. भांगात आला तर हंगाम असूनही निम्मे दोर रिकामे दिसतात. मोजणी जानेवारीत करावी, पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या नंतरच्या तीन दिवसांत, सकाळी बोटी लागल्यावर. नकाशा घेऊन पुढे मोजणीदाराने चालावं आणि कुठली वलांडी कोणाची हे सांगायला सोबत वाळवणाऱ्या बायका असाव्यात.